कोठीघर : तेल रिकाम्या कोठीला

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिल-मेमध्ये "लोकवन भरू की सिहोर?" असं विचारणारे वाचक श्रावणात "सोंडे झाले हो, काय करू?" म्हणून लिहितात. यंदा त्यात एक नवी गोष्ट आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत कुठल्या ना कुठल्या सुगंधी तेलाचं नाव आहे : नीलगिरी, लवंग, गवती चहा, पुदिना. विषारी औषध टाळून घरचं धान्य राखावं ही इच्छा मला मनापासून पटते. नोकरीची ३१ वर्षं मी पोत्यांत नळी खुपसून धान्याचे नमुने काढले, चाळले, किडे मोजले. गोदामात विषारी वायूची धुरी कशी देतात तेही जवळून पाहिलं. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते. एप्रिलमध्ये मार्केटयार्डातून ६० किलो लोकवन आणला, निवडून दोन पत्र्याच्या कोठ्यांत भरला. एका व्हिडिओत पाहिलं म्हणून कापसाच्या बोळ्यांवर नीलगिरीचं तेल घालून, त्यांच्या पुरचुंड्या बांधून गव्हात ठेवल्या. कोठी उघडली की छान वास यायचा. जुलैत वास गेला आणि नारळी पौर्णिमेला पाहते तर सोंडेच सोंडे! तेल भेसळीचं होतं का? आता एवढा गहू टाकून द्यायचा का?

उत्तर : गहू टाकू नका, ताई. तेलात भेसळ असेलही, पण तुमच्या कोठीत जे झालं ते अस्सल तेल घातलं असतं तरी झालं असतं.

सोंडे बहुधा गव्हाबरोबरच घरात आले, दाण्यांच्या पोटात बसून. सोंड्याची मादी आपल्या सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट स्रावाचं बूच लावून भोक बुजवून टाकते. वरून दाणा धड दिसतो. चष्मा लावून, उजेडात बसून निवडलं तरी तो हाती लागत नाही. आत अळी होते, दाणा आतून खाते, तिथंच कोषात जाते, आणि पावसाळी हवेत साधारण महिन्याभरानं सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी ३०० पर्यंत अंडी घालते. एप्रिल ते ऑगस्ट एवढ्या काळात तीन-चार पिढ्या सहज होतात.

आता नीलगिरीचं. तिच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल. त्याची वाफ किड्याच्या अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून आत जाते आणि मज्जासंस्थेवर घाव घालते. लवंगेतला युजेनॉल, ओव्यातला थायमॉल, गवती चहातला सिट्रल, पुदिन्यातला मेंथॉल हेही असंच काम करणारे. यांतले काही घटक ऑक्टोपामाइन नावाच्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. किड्यांच्या शरीरात या रसायनाचं मोठं काम असतं, माणसाच्या शरीरात फारसं नसतं, म्हणून शास्त्रज्ञांना या तेलांबद्दल आशा वाटते. प्रयोगशाळांमध्ये या तेलांनी सोंडे आणि भुंगे मरतात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. व्हिडिओ करणाऱ्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यानं अर्धं सांगितलं.

उरलेलं अर्धं मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलं. अर्ध्या लिटरच्या काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एक रिकामी ठेवली, दुसरी कीड लागलेल्या डब्यातल्या गव्हानं गळ्यापर्यंत भरली. दोन्हींत वीस-वीस जिवंत सोंडे सोडले. टिपकागदाच्या पट्टीवर नीलगिरीच्या तेलाचे दोन-दोन थेंब टाकले, पट्टी झाकणाखाली टांगली आणि झाकण घट्ट फिरवलं. रिकाम्या बरणीतले सोंडे आधी काचेवर भराभरा चढायला लागले, मग अडखळले. रात्री जेवणं उरकून पाहिलं तेव्हा सगळे पाठीवर पडून पाय हलवत होते. सकाळी तेही थांबलं. गव्हाच्या बरणीत मात्र वरच्या थरात सात मेलेले मिळाले. बाकीचे तळाशी जाऊन बसले होते. ताटात ओतल्यावर क्षणभर निपचित पडले, कारण सोंडा मेल्याचं सोंग छान घेतो, आणि पाच मिनिटांत चालायला लागले. त्या गव्हातले दिसतील तेवढे सगळे किडे वेचून मी बरणीला फडकं बांधलं आणि ती फडताळात ठेवली. चौथ्या आठवड्यात त्यातून नवे सोंडे निघाले.

याचं कारण असं की गहू स्वतःच वास पितो. हिंगाच्या डबीशेजारी चहाची पूड ठेवली तर चहाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तेलाची बरीचशी वाफ दाण्यांच्या सालीलाच चिकटते. दाण्यांमधल्या पोकळीत, जिथं किडा श्वास घेतो, तिथं ती थोडीच उरते. सालीच्या आड, पिठात बसलेल्या अळीपर्यंत तर मारण्याइतकी पोचतच नाही. भरलेल्या भांड्यात रिकाम्या भांड्याइतका परिणाम हवा असेल तर कितीतरी पट तेल घालावं लागतं, आणि मग ती पोळी घशाखाली उतरत नाही. मी एका वर्षी दहा किलो गव्हात असं सढळ हातानं तेल घातलं होतं. त्या पिठाची पोळी तव्यावर टाकली की घरभर सर्दीच्या मलमासारखा वास यायचा. मुलांनी डबे तसेच परत आणले. शेवटी तो गहू वाया गेला, आणि अन्न वाया घालवल्याची ती टोचणी अजून जात नाही.

तुमच्या गव्हाचं आता असं करा. मोठ्या चाळणीनं चाळा, मग सुपात पाखडा. पोखरलेला दाणा हलका असतो, तो पाखडताना वेगळा होतो. निघालेले किडे कढत पाण्यात टाका. कचऱ्याच्या बादलीत टाकलेत तर रात्रीतून चालत पुन्हा कोठीशी येतील. दर आठवड्याला चाळायचं, कारण आतले निघतच राहणार. दळणाला आधी हाच गहू काढा. ऑक्टोबरचं ऊन तापलं की उरलेला गहू गच्चीवर गडद कापडावर दोन बोटं जाडीनं पसरा आणि तासातासानं हात फिरवा. दाणा ५० ते ५५ अंशांपर्यंत तापला आणि तसाच तापलेला राहिला तर आतली अळीही तग धरत नाही. मग सावलीत पूर्ण निवू द्या. गरम गहू भरला तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशीला तेवढं पुरतं.

तेलाची खरी जागा रिकाम्या कोठीत आहे. माझ्या रिकाम्या बरणीत ते पुरून उरलं, तसं तिथंही उरतं. पुढच्या एप्रिलमध्ये कोठी घासून, पुसून, उन्हात वाळवून झाली की एका वाटीत कापसावर चहाचा चमचाभर नीलगिरीचं तेल घाला, वाटी कोठीत ठेवा, झाकण लावा आणि दोन दिवस उघडू नका. सांध्यांत, झाकणाच्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत मागच्या वर्षीचे जे चार किडे दडलेले असतात त्यांच्यासाठी हे उत्तम. मग वाटी काढून कोठीला दिवसभर ऊन द्या आणि वास गेला की उन्हात कडक वाळवलेला गहू भरा. हे पत्र्याच्या किंवा स्टीलच्या कोठीतच करा, काही प्लास्टिक या तेलांनी मऊ पडतं. गॅसजवळ नको, ही तेलं पेट घेतात.

जाता जाता सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. गच्च्यांना बारा महिने कुलपं लावलेली असतात. टाकीची आणि सुरक्षेची काळजी मी समजू शकते. पण एप्रिल-मेमधले पंधरा दिवस, सकाळी नऊ ते चार, ती कुलपं उघडा. पुण्याच्या उन्हाइतकं चांगलं आणि फुकट औषध दुसरं कुठलंच नाही, आणि ते कुलपापलीकडे पडून राहतं.

प्रश्न : आमची भोर तालुक्यात दोन एकर जमीन आहे. चवळीचं आणि मुगाचं बी घरचंच राखतो. दिवाळीत डब्यात भरलेलं बी पेरणीच्या तोंडावर बघतो तर दाण्यादाण्याला भोक. दुकानात पावडर लावायला सांगतात, पण घरात लेकरं आहेत, जनावरं आहेत. गवती चहा आणि निरगुडी बांधावरच आहे. त्याचं तेल काढून लावलं तर चालेल का?

उत्तर : दादा, तुमचा शत्रू वेगळा आहे. हा कडधान्याचा भुंगा. तो सोंड्यासारखं भोक पाडून अंडं घालत नाही, दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवतो. दाणा हातावर घेऊन उजेडात पाहा, खसखशीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याखालूनच अळी थेट दाण्यात शिरते. पुष्कळदा ही अंडी शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर घातली जातात, म्हणून घरात कितीही स्वच्छता पाळली तरी भुंगा येतोच. पूर्ण वाढलेला भुंगा दाणा खात नाही. दहा-बारा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. त्यामुळे तुम्हाला त्या अंड्याला गाठायचं आहे.

आपण दोन अगदी वेगळ्या पदार्थांना 'तेल' हे एकच नाव दिलं आहे, आणि सगळा गोंधळ तिथं होतो. गवती चहाचं, निरगुडीचं, लवंगेचं तेल पाला किंवा फुलं वाफेवर तापवून काढतात. ते उडून जातं आणि वासानं काम करतं. शेंगदाण्याचं, करडईचं, एरंडीचं, निंबोळीचं तेल घाण्यावर दाबून काढतात. ते उडत नाही, दाण्यावर पातळ थर धरतं. भुंग्याच्या अंड्याला हवा लागते. तेलाचा थर बसला की ते गुदमरतं आणि चिकटवलेलं अंडंही सालीवर नीट धरत नाही. तुमच्या बियाण्याला हे दुसऱ्या जातीचं तेल हवं.

मळणी झाली की बी तीन-चार दिवस कडक वाळवा. मग किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, एरंडेल किंवा निंबोळीचं तेल घ्या. निंबोळीचं तेल फक्त बियाण्यालाच लावायचं, खाण्याच्या धान्याला नाही, ते कडू असतं. परातीत थोडं थोडं बी घेऊन दोन्ही तळहातांत चोळा, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. एवढं तेल थोडं वाटतं, पण चोळायला वेळ दिला तर पुरतं. डबा गळ्यापर्यंत भरा आणि वर दोन बोटं चाळलेल्या कोरड्या राखेचा थर द्या. भुंगा वरच्या दाण्यांवरच अंडी घालायला बघतो, राखेतून त्याला खाली जाता येत नाही. वाळवणीला उशीर मात्र करू नका. अळी एकदा आत गेली की वरून लावलेलं तेल तिचं काही करू शकत नाही.

गवती चहाचं तेल बियाण्याला लावू नका. अशी वाफेची तेलं जास्त झाली तर उगवण मारतात. निरगुडीचा पाला सावलीत वाळवून डब्याच्या तळाशी आणि मध्ये घाला, त्याला माझी हरकत नाही. पाला ओला मात्र नको. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायला विसरू नका.

प्रश्न : आमची मुलगी नऊ महिन्यांची आहे, वाकडला राहतो. तिच्या खिमटीच्या तांदळाला रसायन नको म्हणून लवंगेचं तेल थेट चोळून ठेवलं तर? नैसर्गिकच आहे ना. शेजारच्या काकू म्हणतात, त्यापेक्षा धान्यात टाकायची एक गोळी मिळते, ती टाक, वर्षभर बघायला नको.

उत्तर : ताई, आधी त्या गोळीचं. घरात आणली असेल तर हे वाचून होईपर्यंतही थांबू नका, ती घराबाहेर गेली पाहिजे. धान्याच्या धुरीसाठी वापरतात ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणानं तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. तो एका खोलीत सुटला तर फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो, आणि झोपलेल्या माणसांना कळतही नाही. आपल्या देशात ही गोळी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरी देणारे यांच्याशिवाय कुणी वापरायची नाही, असा नियम आहे. गोदामात आम्ही ताडपत्रीखाली धुरी द्यायचो तेव्हा दिवसेंदिवस त्या भागात फिरकायला बंदी असायची, आणि इथं ती स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकतात. घरात अशी गोळी उघडलेली असेल तर तिच्यावर पाणी ओतू नका, पाण्यानं वायू झपाट्यानं सुटतो. मुलांना घेऊन घराबाहेर पडा, शेजाऱ्यांना सांगा आणि ११२ ला फोन करा. काकू प्रेमानंच सांगत असतील. त्यांनाही हे वाचून दाखवा.

आता लवंगेचं तेल. लवंग आपण मसाल्यात घालतो ती एक-दोन. एका छोट्या बाटलीत ओंजळी-ओंजळींनी लवंगांचा अर्क असतो. लहान मुलाच्या पोटात लवंगेचं तेल गेलं तर यकृताला इजा होते. नीलगिरीचं तेल चमचाभर गेलं तरी झटके येऊ शकतात, कापराचंही तसंच. म्हणून बाळाच्या तांदळाला कुठलंही सुगंधी तेल चोळायचं नाही आणि बाटली तिचा हात पोचेल अशा जागी ठेवायची नाही. बोरिक पावडरही नको. आपल्याकडे ती सर्रास चोळतात, पण तान्ह्या मुलांना ती बाधते आणि तांदूळ धुतला की सगळी निघून जाते असं समजू नका. वेखंडाचंही सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरांत ते धान्यात टाकतात. त्याचा किड्यांवर चांगला परिणाम होतो, पण त्यातल्या असारोन नावाच्या घटकामुळे उंदरांमध्ये गाठी झालेल्या आढळल्या आणि अमेरिकेनं १९६८ मध्येच ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. पुस्तकांच्या कपाटात वेखंड जरूर ठेवा.

तिच्यासाठी लागणारा तांदूळ असतो तरी किती? महिन्याला दोन किलोसुद्धा नाही. दोन किलो आंबेमोहोर आणा, घट्ट पिशवीत घालून आठ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. अंडं, अळी, कोष, किडा, सगळं मरतं. मग पिशवी न उघडता बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर तांदळाला पाणी सुटेल. कोरड्या काचेच्या बरणीत भरा. त्यात घालायला दुसरं काहीच लागत नाही.

प्रश्न : फ्रीजमध्ये जागा नाही. कणकेत बारीक तांबडे किडे झालेत, चाळून वापरली तर चालेल का?

उत्तर : दोन-चार दिसले तर चाळा आणि आठवड्याच्या आत संपवा. पण कणकेला उग्र, कुबट वास येत असेल किंवा रंग किंचित गुलाबट झाला असेल तर टाकून द्या. हे किडे क्विनोन नावाचे द्रव सोडतात, ते चाळणीनं निघत नाहीत. तेलांना हाच किडा सोंड्यापेक्षा चिवट आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. दळण पंधरा दिवसांचंच आणा.

प्रश्न : जुन्नर भागात आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. गवती चहाचं तेल काढायचं भांडं आम्ही घेतलं. त्या तेलाच्या 'धान्यातले किडे मारणाऱ्या पुड्या' करून पुण्यात प्रदर्शनात विकायचा विचार आहे. तुमचं मत काय?

उत्तर : भांडं घेतलंत याचा मला आनंद झाला. शंभर किलो ओल्या पातीतून जेमतेम अर्धा किलोपर्यंत तेल हाती येतं, त्यासाठी किती राबावं लागतं याची मला कल्पना आहे. म्हणूनच स्पष्ट लिहिते. पुडीवर 'किडे मारते' किंवा 'किडे पळवते' असं छापलंत की ती कीटकनाशक ठरते, आणि कीटकनाशक अधिनियम, १९६८ प्रमाणे केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी केल्याशिवाय ते विकता येत नाही. वस्तू नैसर्गिक असली तरी सूट नाही. नोंदणीसाठी चाचण्यांचे अहवाल लागतात, तो खर्च बारा जणींना झेपणारा नाही.

दुसरं, पुडी गिऱ्हाइकाला फसवेल. उघड्या कापसावरचं तेल काही आठवड्यांत उडतं. संशोधक तेच तेल सूक्ष्म कणांत किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या पदार्थात कोंडून महिनोन्महिने थोडं थोडं सुटेल अशी खटपट करतात, ते घरगुती भांड्यावर होण्यासारखं नाही. तुमची पुडी घेणारी बाई श्रावणात कोठी उघडेल आणि तिचा विश्वास उडेल. त्यापेक्षा 'गवती चहाचं शुद्ध तेल' म्हणून विका. त्यातला ७०-८० टक्के सिट्रल हाच तुमचा माल, साबणवाल्यांना आणि अत्तरवाल्यांना तोच हवा असतो. प्रयोगशाळेतून एकदा सिट्रलचं प्रमाण तपासून घ्या आणि तो कागद प्रदर्शनात टेबलावर ठेवा.

प्रश्न : माझं वय ८४. सदाशिव पेठेत वाड्यात आमची अंधारी कोठीची खोली होती. गव्हात बिब्बे, कडुनिंबाचा पाला, तुरीला राख, तांदळाला एरंडेल असं माझ्या सासूबाई करत, पुढे मीही केलं. वाडा गेला, आता सदनिकेत नातसून म्हणते, आजी, हे सगळं अडाणीपणाचं. तुमच्या शास्त्रात आमच्या बिब्ब्याला काही जागा आहे की नाही? आणि तिला मी काय सांगू?

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. निळ्या शाईतलं, एकही खाडाखोड नसलेलं. त्यात अडाणीपणाचं काही नाही. मात्र तुमच्या सगळ्या गोष्टी एका मापाच्याही नाहीत, तेव्हा एकेक सांगते.

एरंडेल बरोबर. ते दाण्यावर थर धरतं आणि लवकर खवटत नाही, म्हणून शेंगदाण्याच्या तेलापेक्षा साठवणीला बरं. राख तर फारच बरोबर. तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, मग त्याच्या अंगातलं पाणी उडतं आणि तो वाळून मरतो. आज याच तत्त्वावरच्या खनिज पावडरी परदेशात धान्याला लावतात. कडुनिंबाच्या पाल्यात थोडाच गुण, कारण किड्याला रोखणारं अझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीत असतं. तरी सावलीत खडखडीत वाळवलेला पाला घातला तर नुकसान नाही. बिब्ब्याला मात्र मी सदनिकेतल्या कोठीत जागा देणार नाही. तो उततो, त्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी घरात दहा माणसं आणि सगळ्यांना बिब्बा ठाऊक. आता पणतवंडानं तो उचलून दातांखाली घेतला तर काय करायचं?

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला आठवली. माझ्या आजोळी सासवडकडे ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेला खड्डा, आतून शेणामातीनं सारवलेला, कडेला कडबा लावलेला आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपलेला. 'पेव फुटलं' असं आपण आज कशालाही म्हणतो. पेव खरंच फोडत तेव्हा आजोबा कुणालाही लगेच आत उतरू देत नसत. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. आत धान्य आणि किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवून टाकत, म्हणून माणूसही गुदमरायचा. आणि म्हणूनच त्या ज्वारीत कीड टिकत नसे. दाण्याच्या पोटातल्या अळीलासुद्धा श्वास घ्यावाच लागतो. वास जिथं पोचत नाही तिथं हवेचा अभाव पोचतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळी राखण्यासाठी हवाबंद पिशव्यांची पद्धत बसवली, एकात एक तीन पिशव्यांची. तिचं मर्म तुमच्या-माझ्या आजोबांच्या पेवाचंच आहे.

नातसुनेला तुम्ही दोन गोष्टी शिकवा. डबा अर्धवट भरून ठेवायचा नाही. गळ्यापर्यंत भरायचा आणि रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा करायचा, म्हणजे मोठ्याचं झाकण रोज उघडत नाही. आणि दाणा चावून बघायचा. गच्चीवरून आणलेला गहू निवला की एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर भरायला हरकत नाही. दाबला जाऊन चिकटला तर आणखी एक ऊन. गोदामात आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं, गव्हात १२ टक्क्यांच्या वर ओलावा नको असं आम्ही धरायचो. यंत्र लावण्याआधी मी दाणा चावून अंदाज लिहून ठेवायची, तो सहसा चुकत नसे. तुमचे दात आता साथ देत नसतील तर तिला तुमच्यासमोर चावायला सांगा. आवाज तुम्ही ओळखाल.